पोच

ऊसतोडीला जाणाऱ्या जवळपास प्रत्येक घरात एक वही असते. शंभरपानी, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून पत्र्याच्या पेटीत कपड्यांच्या तळाशी ठेवलेली. मुकादमाकडून उचल किती घेतली, कोणत्या तारखेला किती टन भरला, किराणा कितीचा आणला, आजारपणाला वरखर्च किती मागितला, हे सगळं तिच्यात असतं. मुकादमाकडे त्याची स्वतःची वही असते. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की दोन्ही वह्या समोरासमोर येतात आणि बहुतेक वेळा जुळत नाहीत. म्हणून बाया ही वही जिवापाड जपतात.

२०१६ च्या जानेवारीत अशी एक वही माझ्या हातात आली. तेव्हा मी एका संस्थेकडून साखर कारखान्याच्या तळावर साखरशाळा चालवत होते. वही घेऊन आलेली बाई माझ्याच वयाची, पस्तिशीची. ती मला ताई म्हणायची, मीही तिला ताईच म्हणायचे. तिने वही पुढून उघडली नाही. उलटी केली आणि मागच्या बाजूने माझ्यापुढे धरली.

"१२ जून. सिस्टरकडे गेले. एसटी ४४. कोणाला बोलू नको म्हणाल्या.

२८ जून. मिस्सा झाल्यावर मोठ्या फादरला भेटले. चहा दिला. बघतो म्हणाले.

२० जुलै. बिशप हाऊस. एसटी १३०, रिक्षा ४०. साहेब बाहेरगावी.

४ ऑगस्ट. बिशप हाऊस. अर्ज नेला. अर्ज परत दिला. प्रार्थना केली."

अशा सात नोंदी. अक्षर मोठं, गोल, सातवी शिकलेल्या बाईचं. शेवटच्या नोंदीखाली रेघ मारून तिने गाडीभाड्याची बेरीज केली होती. बेरीज कशाला केली, असं मी खूप नंतर तिला विचारलं. ती म्हणाली, "हिशेब लिहिला की बेरीज करायचीच असती ना ताई."

तिच्या मुलाला मी तीन आठवडे ओळखत होते. सहावीतला, अंगाने बारीक. शाळेत आला की पाठ भिंतीला टेकेल अशी जागा शोधायचा आणि पाचव्या मिनिटाला झोपायचा. तळावरची पोरं पेंगतातच. आईबाप पहाटे तीनला फडावर निघतात, धाकट्या भावंडांना मोठ्यांनी सांभाळायचं असतं. मला वाटलं, तसंच असेल. तो रात्रीचा झोपतच नाही, कोपीच्या दाराशी बसून असतो, हे मला आईने त्या दिवशी सांगितलं. का बसतो, तेही सांगितलं. ते मी इथे लिहिणार नाही. त्याने ते पुढे पोलिसांना सांगितलं, डॉक्टरांना सांगितलं, मॅजिस्ट्रेटना सांगितलं आणि न्यायालयात उलटतपासणीत पुन्हा सांगितलं. तेवढं पुरे.

मुलगा चौथीपासून मिशनच्या बोर्डिंगात होता. दिवाळीनंतर आईबाप कोयता घेऊन निघाले की पोरांना ठेवायचं कुठे, हा या माणसांपुढचा दरवर्षीचा प्रश्न. आजी असली तर गावी, नाहीतर बैलगाडीतून बरोबर. गावोगावच्या मिशनच्या बोर्डिंगांनी या प्रश्नाला फार मोठं उत्तर दिलं आहे, आणि ते मी मनापासून मानते. ही आईसुद्धा त्याच बोर्डिंगात सातवीपर्यंत शिकली होती. वही लिहिता येत होती ती त्यांच्यामुळेच. ज्या फादरवर आरोप झाला, ते बोर्डिंगचे प्रमुख. फी माफ करणं, नाव दाखल करणं, सुट्टीत घरी सोडणं, सगळं त्यांच्याच हातात. २०१५ च्या मे महिन्यात मुलगा सुट्टीला घरी आला आणि परत जायचं नाही म्हणून त्याने पेटीचं कुलूप विहिरीत टाकलं. तिथून आईला कळलं. जूनच्या बाराव्या दिवशी तिने एसटी पकडली.

आता माझी गोष्ट सांगते, कारण ती टाळून पुढे गेले तर बाकीचं लिहायचा मला अधिकार राहणार नाही.

मी वसईची. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चर्च. लहानपणी पॅरिशच्या ऑफिसात वडिलांबरोबर गेले होते, आजोबांच्या बाप्तिस्म्याचा दाखला काढायला. कारकुनाने कपाटातून एक जाडजूड नोंदवही काढली, बोट फिरवत दहा मिनिटांत नोंद शोधून काढली. लॅटिनमधली ओळ, तपकिरी पडलेली शाई, आजोबांचं नाव, आईबापांचं नाव, धर्ममाता-धर्मपित्याचं नाव, तारीख, खाली फादरांची सही. मला त्या ओळीचा केवढा अभिमान वाटला होता! आपलं माणूस आलं, त्याची कुणीतरी नोंद घेतली, आणि ती नोंद सत्तर वर्षं कुणी हरवली नाही. चर्चवरचा माझा विश्वास धर्मसिद्धान्तांवर कमी आणि त्या कपाटावर जास्त उभा होता.

तर त्या जानेवारीत आईचं बोलणं संपलं तेव्हा साखरशाळेच्या पत्र्यावर माझ्या मागे निळ्या रंगात एक आकडा रंगवलेला होता. १०९८. चाइल्डलाइनचा. तो मीच रंगवला होता. पॉक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ ला लागू झाला, त्यानंतर दोन वर्षं मी शिक्षकांची, अंगणवाडीच्या बायांची शिबिरं घेत होते. कलम १९ मला तोंडपाठ होतं: मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याची माहिती ज्याला कुणाला असेल त्याने ती पोलिसांना दिलीच पाहिजे. ज्याला कुणाला. शिक्षक, डॉक्टर, शेजारी, धर्मगुरू, कुणालाही सूट नाही. मी हे फळ्यावर लिहून शिकवत होते.

आणि मी फोन केला तो बिशप हाऊसमधल्या एका ओळखीच्या फादरांना.

मला वाटलं, ते आपले आहेत. बाईला नीट बोलता आलं नसेल. मी शिकलेली, वसईची, मी सांगितलं तर त्यांना कळेल. ते फार सौम्यपणे बोलले. म्हणाले, "तुम्ही काळजी करू नका, विषय आमच्यापर्यंत आलेला आहे, त्यांची बदली झालेली आहे. दोन दिवस द्या." मी दोन दिवस दिले. या दोन दिवसांत कुणीही काहीही केलं नाही, फक्त दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आईच्या गावाकडून तिच्या दिराचा फोन आला, की चर्चची माणसं घरी येऊन गेली, प्रकरण का वाढवताय म्हणाली. ते दोन दिवस माझ्या नावावर आहेत. कायद्याच्या भाषेत तो गुन्हाच होता, आणि मला शिक्षा झाली नाही ती कुणी विचारलं नाही म्हणून.

बदलीबद्दल दोन शब्द लिहायला हवेत. बाहेरच्या वाचकाला बदली म्हटलं की शिक्षा वाटते. आमच्यात तसं नाही. फादरांची दर काही वर्षांनी बदली होतेच. गाव निरोप देतं, शाल, श्रीफळ, बँड, बायांचे डोळे ओले, पोरांची गाणी. त्यामुळे ज्या माणसाला मुलांपासून दूर करायला हवं त्याला नुसतं हलवलं तरी कुणाच्या भुवया उंचावत नाहीत. ऑक्टोबरमध्ये या फादरांनाही असाच निरोप दिला गेला. आईच्या वहीत ती शेवटची नोंद आहे: "११ ऑक्टोबर. निरोप. जेवण होतं. गेले नाही." त्या नोंदीपुढे भाड्याचा आकडा नाही. त्यांना पाठवलं होतं दुसऱ्या तालुक्यातल्या शाळेवर. तिथेही मुलं होतीच. फेब्रुवारीत अटक होईपर्यंत ते तिथे होते. बालकल्याण समिती नंतर तिथल्या मुलांशी बोलली. त्याबद्दल लिहिणं माझ्या हातात नाही.

तिसऱ्या दिवशी आम्ही कारखान्याजवळच्या पोलीस ठाण्यात गेलो. घटना दुसऱ्या जिल्ह्यातली, म्हणून गुन्हा शून्य क्रमांकाने दाखल करून तिकडे वर्ग करायचा असं ठरलं. मुलगा माझ्याजवळ बाकावर बसला होता. त्याने हळूच विचारलं, "ताई, शून्य म्हणजे काहीच नाही ना?" मी त्याला सांगितलं की शून्यापासून मोजायला सुरुवात होते, तिकडच्या ठाण्यात गेल्यावर याला नंबर मिळेल. आठ दिवसांनी नंबर मिळाला तेव्हा मी तो त्याला सांगितला. त्याने तो गणिताच्या वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवला.

कायद्यातला हा भाग शिबिरांत कुणाचं फारसं लक्ष वेधून घेत नाही, आणि मला तर तोच आता कायद्याचा गाभा वाटतो. मुलाने नुसतं तोंडी सांगितलं तरी पोलिसांनी ते लिहून घ्यायचं, त्याला नोंद क्रमांक द्यायचा, सांगणाऱ्याला वाचून दाखवायचं, ठाण्याच्या वहीत चढवायचं. मूल स्वतः सांगत असेल तर त्याला कळेल अशा सोप्या भाषेत लिहायचं. जबाब शक्यतो मूल राहतं तिथे, महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा. मूल राहत होतं कोपीत. पीएसआय मॅडम पंजाबी ड्रेस घालून तळावर आल्या. वाकून आत शिरल्या. उसाच्या पाचटाची कोपी, आत उंची चार-साडेचार फूट. बसायला बाज नव्हती, पोत्यावर बसल्या. अडीच तास लागले. मधे दोनदा तो उठून बाहेर गेला, त्यांनी थांबवलं नाही. शेवटी त्यांनी सगळं हळू आवाजात वाचून दाखवलं. एका ठिकाणी तो म्हणाला, "असं नाही." त्यांनी ती ओळ खोडली, बाजूला सही केली आणि त्याने सांगितलं तसं लिहिलं. सात महिने त्याची आई दारोदार फिरली होती. कुणीतरी त्याचं बोलणं लिहून घेऊन, बरोबर आहे का, असं त्याला विचारण्याची ही पहिली वेळ होती.

बातमी फुटली तेव्हा एक वेगळंच सुरू झालं. मिशनऱ्यांविरुद्ध मोर्चा काढायचा म्हणून काही माणसं जीपने तळावर आली. आईला म्हणाली, आम्ही तुमच्या पाठीशी आहोत, फक्त भाषणाला उभ्या राहा. दुसरीकडून आमच्या समाजातले जाणते लोक मला फोन करत होते, की ताई, यांच्या हातात कोलीत देऊ नका, आपण मूठभर, आधीच दिवस वाईट. या भीतीला मी खोटी म्हणणार नाही. ज्यांच्या प्रार्थनेवर दगड पडतात त्यांना ती असते. पण या भीतीचं ओझं बारा वर्षांच्या पोराने का वाहायचं? आणि जीपवाल्यांना तरी पोराचं काय पडलं होतं? आसारामच्या गुरुकुलातल्या अल्पवयीन मुलीने २०१३ मध्ये तक्रार केली तेव्हा साक्षीदारांवर हल्ले झाले, एप्रिल २०१८ मध्ये जोधपूरच्या न्यायालयाने जन्मठेप सुनावली, तोवर भक्तांच्या गर्दीला खोटी वाटत होती ती मुलगीच. गादी कुठल्याही धर्माची असो, तिच्याभोवतीची माणसं अशीच वागतात. आई जीपजवळ गेली आणि म्हणाली, "माझं पोरगं मोर्च्यात न्यायचं नाही." आणि फडावर निघून गेली. त्या दिवशी तिच्या कोयत्याचा खाडा झाला तर मुकादम दंड कापणार होता.

खटला उभा राहायला तीन वर्षं लागली. कायदा म्हणतो शक्यतो एका वर्षात निकाल. गोवंडीच्या शिवाजीनगरमधल्या चर्चमधली घटना नोव्हेंबर २०१५ ची, तिथल्या धर्मगुरूला विशेष न्यायालयाने जन्मठेप सुनावली डिसेंबर २०२१ मध्ये. मुंबईसारख्या ठिकाणी सहा वर्षं लागली. आमचं तर जिल्ह्याचं न्यायालय, त्यात कोरोना. समितीने सहाय्यक व्यक्ती म्हणून माझं नाव दिलं होतं, त्यामुळे प्रत्येक तारखेला मी जायचे. मुलगा साक्षीला उभा राहिला तेव्हा पंधरा वर्षांचा होता, आवाज फुटलेला. न्यायाधीशांनी त्याला चेंबरमध्ये बसवलं, आरोपी दिसणार नाही अशी सोय केली, बचावाच्या वकिलांचे प्रश्न स्वतःच्या तोंडून विचारले. मला वाटलं होतं तो मोडेल. मोडला नाही. बाहेर आल्यावर वडापाव मागितला, दोन खाल्ले.

आईची साक्ष त्याच्या आधी झाली होती. पोलिसांनी ती वही २०१६ मध्येच जप्त केली होती. न्यायालयात तिला निशाणी क्रमांक पडला. बचावाचे वकील वहीवर तुटून पडले. शाई निरनिराळी आहे, हे मागाहून लिहिलेलं आहे, असं त्यांचं म्हणणं. आई म्हणाली, "साहेब, पेनं पोरांची असतात. हाताला लागेल त्यानं लिहायचं." मग त्यांनी विचारलं, एवढ्या तारखा तुम्हाला आठवतात कशा?

"आठवत नाहीत म्हणून तर लिहिल्या."

न्यायाधीशांनी ते वाक्य जसंच्या तसं लिहून घ्यायला सांगितलं.

त्यानंतर मिशनच्या वतीने एक जबाबदार गृहस्थ साक्षीला आले. त्यांचं वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. "आमच्या कार्यालयाकडे अशी कोणतीही लेखी तक्रार प्राप्त झालेली नाही." हे खोटं नव्हतं. अक्षराने खरं होतं. ४ ऑगस्टला आईने अर्ज नेला होता. शेजारच्या कॉलेजच्या पोराकडून लिहून घेतलेला, फुलस्केपवर, वर 'मु. पो.' घालून. तिथल्या कार्यालयात तो वाचला गेला आणि तिच्या हातात परत दिला गेला. असं कागदावर नको, मुलाच्याच नावाला बट्टा लागेल. तिने मग विचारलं की मी येऊन गेले एवढी तरी पोच द्या. तिला उत्तर मिळालं, "हे देवाचं घर आहे, इथे पोच नसते." मग सगळे उभे राहिले आणि तिच्या कुटुंबासाठी प्रार्थना झाली. तो परत केलेला अर्ज चार घड्या घालून वहीच्या मागच्या पुठ्ठ्यात ठेवलेला होता. तोही निशाणी झाला.

त्या रात्री मी माझ्या आजोबांच्या ओळीचा विचार करत होते. ज्या घरात बाप्तिस्मा, दृढीकरण, लग्न, मरण, वर्गणी, मेणबत्त्यांचा खर्चसुद्धा तारीखवार लिहिला जातो, तिथे याच एका गोष्टीसाठी कागद कसा मिळत नाही? विसरभोळेपणा म्हणावा तर बाकीच्या नोंदी का विसरल्या जात नाहीत? मी वाचत गेले. चर्चच्या कायद्यात प्रत्येक धर्मप्रांतात एक गुप्त दप्तर ठेवायचं असं कलम आहे, ४८९ वं. पुढचं कलम सांगतं की त्याची किल्ली फक्त बिशपांकडे असावी. म्हणजे लिहिलेलं असायचं, तेही कुणाला दिसणार नाही अशा ठिकाणी. बॉस्टनमध्ये २००२ च्या जानेवारीत ही दप्तरं न्यायालयाच्या आदेशाने उघडली आणि 'बॉस्टन ग्लोब'ने ती छापली, तेव्हा जगाला कळलं की जॉन गेगन नावाच्या धर्मगुरूबद्दल वरच्यांना अनेक वर्षं माहिती होती आणि तरी त्याला एका पॅरिशमधून दुसऱ्या पॅरिशमध्ये हलवत होते. १३० हून अधिक लोकांनी पुढे येऊन सांगितलं. त्या कागदांत १९८२ चं एक पत्र आहे. नात्यातली सात मुलं त्याच्या तावडीत सापडलेली एक बाई तेव्हाच्या कार्डिनलना लिहिते. ती श्रद्धाळू होती, चर्चचं नाव जाऊ नये असंच तिलाही वाटत होतं, फक्त हा माणूस मुलांजवळ राहता कामा नये एवढंच तिचं मागणं. दोन वर्षांनी, १९८४ मध्ये, त्याला आणखी एक पॅरिश मिळाली. तिचं पत्र मी वाचलं तेव्हा मला आमची आई दिसली. फरक एवढाच की त्या बाईचं पत्र निदान ठेवून घेतलं होतं. कार्डिनल बर्नार्ड लॉ यांना २००२ च्या डिसेंबरात पायउतार व्हावं लागलं ते त्या ठेवलेल्या कागदांमुळेच. आमच्याकडे कुणी तेवढाही कागद ठेवला नाही.

डब्लिनच्या आर्चडायोसिसबद्दल आयर्लंड सरकारने नेमलेल्या आयोगाचा अहवाल २००९ च्या नोव्हेंबरात आला. त्यातली एक गोष्ट मी कुठल्याही शिबिरात सांगितल्याशिवाय राहत नाही. आर्चडायोसिसने १९८७ मध्ये एक विमा उतरवला होता. धर्मगुरूंनी मुलांवर केलेल्या अत्याचारांपोटी भरपाई द्यावी लागली तर तिच्यासाठी. आपल्याला काही कल्पना नव्हती, आम्ही शिकत होतो, असं जे वर्षानुवर्षं सांगितलं जात होतं, त्याच काळात विम्याचे हप्ते भरले जात होते. पैशाची गोष्ट आली तेव्हा कागद झाला, तारीख पडली, सही झाली. फ्रान्समध्ये २०२१ मध्ये स्वतंत्र आयोगाने १९५० पासूनचा हिशेब मांडला, धर्मगुरू आणि व्रतस्थांकडून अत्याचार सोसलेल्या मुलांचा अंदाज २,१६,००० निघाला. एवढा मोठा आकडा मला डोळ्यांसमोर आणता येत नाही. विम्याची पॉलिसी मात्र येते. तिच्यावर कुणीतरी टेबलाशी बसून सही केली असणार, शाई वाळेपर्यंत थांबलं असणार.

पोप फ्रान्सिस यांनी २०१९ च्या मे महिन्यात नियम काढला की धर्मगुरूंनी आणि सिस्टरांनी अशी माहिती कळताच वरिष्ठांना कळवलीच पाहिजे, आणि डिसेंबरात या प्रकरणांवरचं गोपनीयतेचं बंधन उठवलं. मी ती बातमी मिस्साच्या आधी वाचली आणि बाकावर बसून रडले. चांगली गोष्ट होती, मी तिला कमी लेखत नाही. पण कळवायचं ते परत आतच. आमच्या आईने पुन्हा पुन्हा आतच कळवलं होतं.

२०२२ च्या एप्रिलमध्ये निकाल लागला. दहा वर्षं सक्तमजुरी. ज्यांनी ऐकून घेतलं आणि कळवलं नाही त्यांच्यावर काहीच नाही. कायद्यात कलम २१ आहे. माहिती असून न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाबद्दल लपवलं तर एक वर्षापर्यंत. तपास अधिकाऱ्यांना मी २०१६ मध्येच विचारलं होतं. ते म्हणाले, "ताई, मुख्य आरोपी सुटायला नको, फांद्या वाढवल्या की खोड निसटतं." त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण मला वाटतं खोड तेच होतं. एक माणूस वाईट निघू शकतो, ते कुणालाच पूर्णपणे टाळता येत नाही. इतकी दारं एकामागून एक बंद होतात ते एका माणसाचं काम नव्हे. त्याच वर्षी २ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या प्रकरणात निकाल दिला. आदिवासी मुलींच्या वसतिगृहातली ती घटना, मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी माहिती असून पोलिसांना कळवलं नाही असा आरोप होता, आणि उच्च न्यायालयाने त्यांच्यावरचा गुन्हा रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा उभा केला आणि सांगितलं की माहिती असून न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे, त्यावर पांघरूण घालता येणार नाही. मी तो निकाल छापून घेतला आणि पीएसआय मॅडमना पाठवला. त्या आता दुसऱ्या जिल्ह्यात आहेत. त्यांनी उत्तर पाठवलं, "पुढच्या वेळी."

मुलगा आता मोठा झाला आहे, एका गॅरेजमध्ये काम करतो. नाताळला मला फोन करतो. चर्चला जात नाही. आई जाते, मागच्या बाकावर बसते, ख्रिस्तशरीर घ्यायला पुढे जात नाही. का जात नाही, हे मी विचारलेलं नाही. मीही जाते. त्याचा अर्थ मला अजून नीट सांगता येत नाही, आणि सांगता येत नाही म्हणून जायचं थांबवावं असंही वाटत नाही.

निकालाच्या दिवशी न्यायालयाच्या आवारात लोक तिला काय वाटतं ते विचारत होते. ती कुणाला काही बोलली नाही. गर्दी पांगल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, वही कधी मिळंल?"

मी सांगितलं की आरोपी उच्च न्यायालयात अपील करेल, ते संपेपर्यंत वही न्यायालयातच राहील.

मग मला कळलं. २०१६ चा पट्टा पडला तेव्हा मुकादमाने हिशेब काढला, तिच्या नावावर अकरा हजारांची बाकी दाखवली. तिच्या वहीप्रमाणे बाकी नव्हती. पण वही पोलिसांकडे होती, माझ्याकडून करून घेतलेली झेरॉक्स तिने दाखवली, त्याने ती हातातही घेतली नाही. म्हणाला, खरी वही आण. ती बाकी सहा वर्षं पुढच्या उचलीत चढत आली होती. या सहा वर्षांत तिने मला एकदाही हे सांगितलं नव्हतं.

"पुढची पानं तरी फाडून देतील का? मागची राहू देत त्यांच्याकडं."

आम्ही दोघी लिपिकाकडे गेलो. तो म्हणाला, पानं फाडता येणार नाहीत, प्रमाणित नक्कल मिळेल, अर्ज करा. मी पेन काढलं, पण तिने ते माझ्या हातातून घेतलं आणि अर्ज स्वतः लिहिला. वर उजव्या कोपऱ्यात तारीख घातली. लिपिकाने अर्ज वाचला, ट्रेमध्ये ठेवला आणि पुढच्या माणसाकडे वळला. ती हलली नाही.

"साहेब, पोच," ती म्हणाली.

त्याने दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारला, सही केली. तिने शाई वाळेपर्यंत कागद हवेत धरला, मग घडी घालून पिशवीत ठेवला.